विषम संख्येतील जोड्या



चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. अशा ठिकाणी जगातील सर्वांत थंड पदार्थाचा विषय काढणे काहींना विसंगत वाटेल. परंतु त्या थंडीचे एक तत्त्व येथील घरोघरच्या माठात आहे. माठातून पाझरलेल्या पाण्याचे वेगवान कण उडून जातात, संथ कण मागे राहतात आणि पाणी गार होते. प्रयोगशाळेत लिथियमसारख्या धातूच्या वायूतील अणू प्रथम लेसर किरणांनी मंद केले जातात. नंतर माठाचीच युक्ती योजून उरलेसुरले वेगवान अणू निसटू दिले जातात. मागे राहिलेला वायू हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो, आणि निरपेक्ष शून्याहून, म्हणजे उणे २७३ अंशांहून, जेमतेम एका अंशाच्या एककोटीव्या भागाइतका उष्ण असतो.

सृष्टीतील कणांचे दोन वर्ग आहेत. एका वर्गास सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव लाभले आहे. १९२४ मधील त्यांचे संशोधन त्याच्या मुळाशी आहे. या वर्गातील कण एकाच अवस्थेत हवे तितके सामावतात. दुसऱ्या वर्गाचे नाव एन्रिको फर्मी यांच्यावरून पडले. त्यातील दोन कण एकच जागा कदापि वाटून घेत नाहीत. विजेचा प्रवाह वाहून नेणारे इलेक्ट्रॉन याच वर्गातले. मात्र फर्मी कणांनी जोडी जमविली की ती जोडी पहिल्या वर्गासारखी वागू लागते आणि सर्व जोड्या एकदिलाने, यत्किंचितही घर्षण न होता वाहतात. हॉलंडमधील कामरलिंग ओन्स यांना १९११ मध्ये पाऱ्यात हा चमत्कार आढळला. त्याचे स्पष्टीकरण मात्र १९५७ पर्यंत मिळाले नाही. ते बार्डीन, कूपर व श्रीफर या तिघांनी दिले.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तेथून दूरवर जाणाऱ्या विजेचा काही अंश तारा तापण्यातच खर्ची पडतो. नेहमीच्या तापमानाला अशा जोड्या जमविणारा पदार्थ गवसला, तर कोळशाची ती नासाडी टळेल. म्हणून जोड्या कशा जमतात आणि कशा मोडतात, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा नाही.

आता मुख्य मुद्दा. काही बैलांना जुवाच्या डाव्या बाजूची सवय असते, काहींना उजव्या बाजूची. पन्नास डावे व पन्नास उजवे असतील तर सर्वांच्या जोड्या लागतील. परंतु साठ डावे आणि चाळीस उजवे असतील तर? वीस बैल मोकळे राहतील, हे उघड आहे. त्या विसांनी इतरांच्या जोड्या बिघडवाव्यात काय? १९६२ मध्ये बी. एस. चंद्रशेखर व अल्बर्ट क्लॉग्स्टन यांनी स्वतंत्रपणे दाखविले, की विषमता ठराविक मर्यादेपलीकडे गेली की जोड्या मोडतात. (ताऱ्यांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळविणारे चंद्रशेखर ते हे नव्हेत.) दोनच वर्षांनी फुल्डे व फेरेल यांनी, आणि तिकडे सोव्हिएत देशात लार्किन व ओव्हचिनिकोव्ह यांनी, एक आगळा तोडगा सुचविला. जोड्या टिकतील, पण सर्वत्र सारख्या नव्हे. झाडीपट्टीतील धानाच्या शेतात खाचर, बांध, पुन्हा खाचर असा क्रम असतो, तसे जोड्यांचे पट्टे आणि एकाकी कणांचे पट्टे आलटून पालटून राहतील.

धातूत ही विषमता हवी तितकी राखणे कठीण असते. थंड वायूत मात्र डावे किती व उजवे किती, हे संशोधकाला ठरविता येते. २००६ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. व राइस विद्यापीठ येथे लिथियमवर असे प्रयोग झाले. मध्यभागी समसमान जोड्यांचा गाभा आणि कडेला उरलेले एकाकी अणू, असे चित्र दिसले. एम.आय.टी.च्या प्रयोगात विषमता सुमारे सत्तर टक्क्यांवर जाईपर्यंत घर्षणरहित प्रवाह तग धरून राहिला. २०१० मध्ये राइस येथेच अणूंना अरुंद नळ्यांसारख्या जागेत कोंडले, तेव्हा अणूंची मांडणी नव्या सिद्धांताशी जुळणारी निघाली. तथापि बांध व खाचरे वायूत अद्याप प्रत्यक्ष दिसलेली नाहीत. काही सेंद्रिय अतिवाहकांत त्यांच्या खुणा मिळाल्या आहेत.

महाराष्ट्रातही जोड्यांचे एक कोडे उभे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्मथ धातूचा अतिशुद्ध स्फटिक थंड केला. शून्याहून ०.०००५३ अंश वर तो अतिवाहक झाला. हा निष्कर्ष डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच फिरता इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ वस्तीत जोडीदार सापडतो तरी कसा? १९५७ च्या सिद्धांताच्या नेहमीच्या मांडणीत याचे उत्तर बसत नाही, आणि नवे उत्तर सर्वमान्य झालेले नाही.