हुकमाची भाषा आणि मनाची भाषा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त केलेले भाषण)



व्यापारी परकी भाषा पोटासाठी शिकतो, विद्यार्थी परीक्षेसाठी. सैनिक ती हुकमासाठी शिकतो. ज्या मुलखात छावणी पडली तेथील लोकांचे बोलणे आपणांस कळावे व आपली आज्ञा त्यांस कळावी, एवढाच त्याचा हेतू असतो. अशाच हेतूने आरंभलेल्या अभ्यासातून आपल्या मराठीचा एक थोर कोश निर्माण झाला. आज त्याचे स्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि मराठी मुलूख कंपनी सरकारच्या हाती गेला. रयतेचे कज्जे मराठीत, वसुलीचे कागदही मराठीत. पलटणीतील अंमलदारास दुभाष्याची जागा हवी असेल तर त्याला भाषेची परीक्षा उतरावी लागे. मुंबईच्या फौजेतील व्हान्स केनेडी यांनी १८२४ साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. पुढे त्याच फौजेतील कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांनी टॉमस आणि जॉर्ज कँडी या दोन लेफ्टनंटांच्या साह्याने आपला विस्तृत मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली सिद्ध केला.

हा कोश चाळताना जाणवते की हे काम नुसत्या हुकमाने होणारे नव्हे. शब्द संस्कृतातून आला की फारशी-अरबीतून, याची खूण तेथे आहे. एखादा शब्द राजापूर-वाडीकडचा असेल तर तशी नोंद आहे. म्हणी आहेत, शेतातले, स्वयंपाकघरातले आणि भांडणातलेही शब्द आहेत. हे सारे शिकवले कोणी? पदरी असलेल्या शास्त्रीमंडळींनी आणि बोलणाऱ्या लोकांनी. शास्त्रीमंडळींचा स्वतंत्र ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ सालीच छापला गेला होता. मोल्सवर्थांच्या कोशाच्या मुखपृष्ठावर मात्र नावे अंमलदारांची आली. राज्य ज्याचे, ग्रंथही त्याच्या नावे, हा त्या काळचा व्यवहार. पण जेत्याला जिताच्या पुढ्यात शिष्य म्हणून बसावे लागले, हेही तितकेच खरे.

पुढे मोल्सवर्थांनी सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून सैन्याची नोकरी सोडली आणि ते मायदेशी परतले. सरकारने त्यांना पुन्हा पाचारण केले. १८५१ पासून खपून त्यांनी सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती १८५७ साली पुरी केली. तेव्हा त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. हुकूम संपला होता, भाषा उरली होती. १९७५ साली पुण्यात या कोशाचे पुनर्मुद्रण झाले, आणि अभ्यासकांचा हात आजही प्रथम त्याच्याकडेच वळतो.

टॉमस कँडी यांची कथा दुसरे सत्य सांगते. १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश आणि १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक, अशी त्यांची मराठीची सेवा मोठी. आज आपण लिहिताना स्वल्पविराम देतो, त्यामागे त्यांचे श्रम आहेत. तथापि त्या काळच्या क्रमिक पुस्तकांतील मराठीस इंग्रजी वळण लागले, असा आक्षेप विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून घेतला. शब्द वर्षा-दोन वर्षांत येतात, वाक्याचे वळण यावयास जन्म लागतो.

हा विषय बंगळुरात का मांडावा, असे कोणी विचारील. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या विजापुरी फौजेबरोबर शहाजीराजे या नगरीत आले. म्हणजे मराठीही येथे प्रथम तलवारीच्या सोबतीने आली. पण त्याच शहाजीराजांच्या दरबारी जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला आणि त्यात अनेक भाषांबरोबर कन्नडलाही स्थान दिले. जेथे मुलूख जिंकला तेथील वाणीलाही सभेत मान मिळाला.

आज आपण येथे जेते नाही, पाहुणेही नाही. या नगरीने आपणांस अन्न दिले, मुलांना शाळा दिली, मंडळाला ५० वर्षे शेजार दिला. भाजीबाजारात भाव करण्यापुरते कन्नड ही कामाची भाषा झाली. शेजारणीचे दुःख ऐकून तिला तिच्या भाषेत धीर देता येणे, ही मनाची भाषा होय. म्हणून आमची मंडळास विनंती आहे की या सुवर्णमहोत्सवी वर्षात कन्नडचा वर्ग सुरू करावा, शिकवावयास कन्नड गुरुजींना सन्मानाने बोलवावे आणि पहिल्या रांगेत आपण वडीलधाऱ्यांनी बसावे. आपली मराठी त्याने उणी होणार नाही. दुसऱ्याच्या भाषेपुढे शिष्य होऊन बसणाऱ्याला स्वतःच्या भाषेचे मोल अधिकच कळते.