डोळ्यांखालची काळी वर्तुळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘डोळ्यांखालची काळी वर्तुळे’ असे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे बटाट्याच्या चकत्या ना?” बटाट्याच्या चकत्यांवर मी येणारच आहे. कारण त्या मीच एकीला डोळ्यांवर ठेवायला लावल्या होत्या, आणि ती गोष्ट मला अजून बोचते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. चूक झाल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून विचारून जे शिकले, तेवढेच आज सांगणार आहे.

डोळ्यांखालची कातडी सर्वांगात सर्वांत पातळ असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखाली चरबीचे अस्तरही जवळजवळ नसते. जुन्या, विरलेल्या लुगड्यातून आतल्या परकराचा रंग दिसावा, तशा तिथल्या शिरा आणि स्नायू वरून जाणवतात. त्यामुळे काळे दिसते म्हणजे तिथे काळे काही साचले आहे, असे दर वेळी नसते.

ही वर्तुळे मुख्यतः तीन तऱ्हेची. एक खरोखरीच रंगाची, तपकिरी. दुसरी निळसर-जांभळी, म्हणजे खालच्या शिरांची. तिसरी नुसती सावली. वय वाढले की गालाचा वरचा भाग ओसरतो, डोळ्यांखाली खळगा पडतो आणि त्यात अंधार दिसतो. आपली कुठली, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. सकाळी खिडकीपाशी आरसा घेऊन बसावे आणि बोटाने ती कातडी हळूच बाजूला ताणावी. तपकिरी डाग होता तसाच राहिला तर तो रंग. जांभळेपणा अधिक उठून दिसला तर शिरा. आणि समोरून तोंडावर दिवा धरताच काळेपण पळाले तर ती सावली. पुष्कळजणींच्या बाबतीत तिन्हींची मिसळ असते. सावलीवर कुठलेही मलम चालत नाही, हे एवढे कळले तरी किती पैसे वाचतात!

रंगाची वर्तुळे बहुधा माहेरहून आलेली असतात. माझ्या आजीला होती, आईला होती, मलाही आहेत. मुलीला परवा आरशासमोर उभी पाहिली आणि काय ते समजले. त्यांना रोग म्हणू नये. ऊन मात्र ती वाढवते. डोक्यावरून पदर घ्यावा, छत्री धरावी, काळा चष्मा लावावा. हल्लीच्या मुली ऊन अडवणारे मलम लावतात, तेही चांगले. दुसरे वाढवणारे म्हणजे चोळणे. धुळीने सर्दी होणारी, डोळे खाजणारी माणसे दिवसभर डोळे चोळतात आणि तिथली कातडी काळवंडते. तिथे औषध खाजेवर हवे. काजळ पुसतानाही आपण किती खसाखसा पुसतो! कापसावर खोबरेल घेऊन हलक्या हाताने टिपावे. काही सुरम्यांत शिसे असते, तेव्हा तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर असले काही घालूच नये. आज्या रागावतील, त्यांना माझे नाव सांगा.

आता बटाटा. काकडी काय, बटाटा काय, थंड पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल काय, गुण सगळा थंडाव्याचा. सकाळी डोळे सुजलेले असतील तर सूज तासभर उतरते. आनंदाने ठेवावे. लिंबाचा रस मात्र तिथे लावू नये. कातडी भाजते, आणि उन्हात गेल्यावर आधी होते त्याहून काळे डाग पडतात.

माझी धाकटी जाऊ त्या वर्षी गौरींना आमच्याकडे आली होती. तिच्या डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखे झाले होते. जेवणाच्या पंगतीत एकीने चेष्टा केली, “रात्रभर मोबाइल बघत बसते वाटते!” सगळ्या हसलो. तीही हसली. मी जाणतेपणाने सांगितले, “जागरण कमी कर आणि रोज रात्री बटाट्याच्या चकत्या ठेव.” पोरीने महिनाभर इमाने इतबारे ठेवल्या. मग तिचा फोन आला, “ताई, बटाटे संपले, वर्तुळे आहेत तिथेच.” मी म्हटले, आता काकडी ठेवून बघ.

खरे म्हणजे त्या चार दिवसांत मला पुष्कळ काही दिसले होते. माडीवरून समई आणताना ती मधल्या पायरीवर बसली होती. तांदूळ निवडताना मूठ-मूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती, आणि मी तिला “पोरकटपणा पुरे” म्हणून दटावले होते. रात्री सगळी निजल्यावर न्हाणीघरात ती कपडे धूत बसे. पाळी आठ-आठ दिवस चाले, अंगावरून फार जाई. पण तिच्या आईचेही तसेच होते, म्हणून तिला ते रीतीचेच वाटत होते. मला तिने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

दिवाळीच्या आधी फराळाचे करताना ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली. कढईतले तेल अंगावर आले नाही, हे नशीब. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा निघाले. बाईमाणसाचे निदान बारा हवे, गरोदरपणी अकरा. गर्भाशयात गाठ होती, त्यामुळे इतका रक्तस्राव. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून मला आतला भाग दाखवला. लालसर असावा तो, कागदासारखा पांढरा होता. “तुम्ही रोज पापणीच्या बाहेर बघत होतात,” एवढेच त्या म्हणाल्या.

वर्तुळे दिसली की रक्त कमीच, असा मात्र हिशेब नाही. रक्त भरपूर असूनही ती असतात. रक्त कमी झाले की चेहरा पांढुरका पडतो आणि असलेली वर्तुळे अधिक उठून दिसतात, असे डॉक्टरीणबाई सांगतात. पण 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी शेकडा 57 जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. या सभागृहातल्या खुर्च्यांकडे पाहून प्रत्येकीने आपला हिशेब करावा. वर्तुळांच्या जोडीला दम लागणे, छातीत धडधड, केस गळणे, बर्फ-खडू-माती-कच्चे तांदूळ खावेसे वाटणे, यांतले काही असेल तर आरसा ठेवून द्यावा आणि रक्त तपासून घ्यावे.

खाण्यात पालेभाज्या, डाळी, हळीव असावेत. खात असाल तर मटण-मासळीतले लोह अंगी अधिक लागते. लिंबू डोळ्यांखाली नको म्हटले ना, ते भाजीवर पिळावे, तिथे त्याचा खरा उपयोग. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, तासभर थांबावे. चहाने लोह अंगी लागत नाही, आणि आपल्यातल्या कित्येकींचे जेवण म्हणजे चहा-पोळीच. साडेसहावर आलेले रक्त मात्र गूळ-शेंगदाण्याने भरत नाही, गोळ्याच लागतात. गोळ्यांनी शौचाला काळे होते, पोट थोडे बिघडते. त्याला भिऊन पुष्कळजणी आठ दिवसांत गोळ्या डब्यात टाकतात. जाऊनेही टाकल्या होत्या. मग मी रोज रात्री फोन करून विचारू लागले.

मलमांविषयी दोन शब्द बोलते. महिन्यात गोरे करणारी म्हणून जी मलमे शेजारीण सुचवते, त्यांतल्या कित्येकांत स्टेरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा लखलखतो. पुढे कातडी आणखी पातळ होते, शिरा अधिक दिसतात, आणि सोडले की काळेपण दुपटीने परत येते. डोळ्यांजवळ महिनोन् महिने लावले तर डोळ्याच्या आतला दाब वाढून काचबिंदूपर्यंत मजल जाते. अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज विकू नयेत, असा नियम सरकारने 2018 साली केला. दुकानदार तो पाळतोच असे नाही, तेव्हा आपण पाळावा. कातडीच्या डॉक्टरांची औषधे असतात, पण त्यांना महिने लागतात. खळगा भरायची सुईही निघाली आहे. तीत दृष्टी जाण्याचा धोका क्वचित असला तरी असतो, म्हणून लग्न चार दिवसांवर आले आहे या घाईने कोणाकडेही ती घेऊ नये. आणि वर्तुळांबरोबर मानेची कातडी मखमलीसारखी काळी, जाड झाली असेल तर साखर तपासावी.

जाऊच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली. यंदा गौरींना ती आली, माडीवर चार खेपा केल्या. वर्तुळे थोडी आहेतच. ती त्यांच्या घरची, तिच्या आईलाही आहेत. पंगतीत मी तिच्याकडे जरा रोखून पाहिले, तर म्हणाली, “ताई, साडेअकरा आहे. बटाटा भाजीत घाला.”

पुढच्या शनिवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत रक्त तपासायला परिचारिकाबाई येणार आहेत. वही दाराशी ठेवली आहे, नावे लिहावीत. सुनांची आणि कामाला येणाऱ्या बायकांचीही लिहावीत. हिमोग्लोबिनसाठी उपाशी यावे लागत नाही, जेवून या.