गाठीचे नाव आधी विचारा
(पालक मेळाव्यातील भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. परंतु आमच्या घरी एक चूक झाली आणि तीत माझा वाटा मोठा होता. ती आपल्या घरी होऊ नये, म्हणून चार शब्द बोलतो.

माझे मामू वर्षभर थकलेले असत. दोन घास खाल्ले की पोट भरे. शौचास डांबरासारखे काळे होई. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांनीही शौचास काळे होते, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. उलट मीच शहाणपणा शिकवी, "मामू, पित्त आहे, तांबडा रस्सा सोडा." शेवटी ते चक्कर येऊन पडले, तेव्हा दुर्बिणीने तपासणी झाली. जठरात गाठ निघाली.

नातेवाईक म्हणाले, "तुकडा काढू नका, रोग खवळतो." पण तुकडा तपासल्याशिवाय रोगाचे नाव कसे कळणार, आणि नावाशिवाय औषध कसे ठरणार? जठराचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात होतो. मामूंची गाठ निराळी, दुर्मिळ. तिला डॉक्टर 'जिस्ट' म्हणतात. ती जठराच्या भिंतीत वाढते. वरवरचा तुकडा घेतला तर नुसते अस्तर हाती येते आणि अहवाल निर्दोष ठरू शकतो. म्हणून सीटी स्कॅन करतात, दुर्बिणीतून सोनोग्राफी करून आतूनच सुईने नमुना घेतात, आणि त्यावर 'सीडी-११७' ही चाचणी करतात.

नाव कळले की वाट दिसते. गाठ फुटू न देता शस्त्रक्रियेने काढतात. रोग उलटण्याचा धोका अधिक असेल तर इमॅटिनिबची गोळी रोज, बहुधा तीन वर्षे देतात. नेहमीची केमोथेरपी या रोगावर जवळजवळ निरुपयोगी असे. १९९८ साली जपानी शास्त्रज्ञांनी पेशींतला मूळ बिघाड शोधला आणि २००२ साली अमेरिकेत या रोगासाठी ही गोळी मान्य झाली.

मूळ स्विस कंपनीच्या गोळीला महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत, तर भारतीय गोळीला आठ-दहा हजार. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि काही भारतीय कंपन्या पेटंटविरुद्ध लढल्या. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले. त्या कंपन्यांत सिप्लाही होती. ती डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद या रसायनशास्त्रज्ञाने १९३५ साली मुंबईत काढली. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेत शिकलेली विद्या गरिबाच्या घरापर्यंत अशी पोहोचते!

मामूंची शस्त्रक्रिया झाली. मध्यंतरी बरे वाटते म्हणून त्यांनी गोळी परस्पर सोडली होती. आता रात्री जेवण झाले की मी पाण्याचा मोठा पेला घेऊन समोर बसतो. ते हसतात, "मास्तर, हजेरी घ्या."

पालकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे रक्त कमी झाले तर नुसत्या गोळ्या आणू नका. ते रक्त जाते कोठे, हे डॉक्टरांना विचारा. मी ते उशिरा विचारले.