जहाज एक, आठवणी दोन

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांची अट तुम्हाला माहीत आहे. दहा मिनिटं बोलायचं, पगार आणि मुलांचे मार्क यांच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. मी जुन्या क्रूझ जहाजांवर बोलणार म्हटल्यावर ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "तुझा काय संबंध? तुला तर सहलीच्या एसटीत उलटी व्हायची!" ते खरंच आहे. संबंध एवढाच, की मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते जहाजांवरच्या कर्मचाऱ्यांच्या पाळ्या आणि करार सांभाळतं. त्या निमित्ताने जुन्या जहाजांबद्दल वाचत गेले आणि वाचनाचा नादच लागला. त्यातल्या एका जहाजाची गोष्ट आज सांगते.

जहाजाचं नाव 'फ्रान्स'. १९६० साली सेंट नाझेर इथे ते पाण्यात उतरलं. जलावतरण केलं ते राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीने. १९६२च्या फेब्रुवारीत ते ल हाव्र बंदरातून न्यूयॉर्कला पहिल्या फेरीवर निघालं. लांबी सुमारे ३१६ मीटर. आपल्या शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा आणि अशी तीन मैदानं एकापुढे एक ठेवा, साधारण तेवढं. पुढची चाळीसेक वर्षं जगात याहून लांब प्रवासी जहाज बांधलं गेलं नाही. आगीच्या भीतीने आत लाकूड जवळजवळ वापरलंच नव्हतं. दोन धुरांड्यांना पंख होते, धूर डेकवरच्या लोकांच्या अंगावर न येता बाजूला जावा म्हणून. श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी वेगळी जागा होती आणि तिथे फ्रेंच कुत्र्यांसाठी रस्त्यावरचा मैलाचा दगड आणि अमेरिकन कुत्र्यांसाठी आगीच्या बंबाचा नळ बसवलेला होता! माणसांची मात्र विभागणी होती, पहिला वर्ग आणि टूरिस्ट वर्ग.

पण या जहाजाचा मुहूर्त चुकलेला होता. अटलांटिक ओलांडणारी जेट विमानं १९५८ सालीच सुरू झाली होती. पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आल्यावर घाईचा माणूस बोटीने कशाला जाईल? त्यातून १९७३ला तेलाचे भाव भडकले आणि वाफेच्या टर्बाइनवर तीस नॉटच्या वेगाने धावणारं हे जहाज सरकारला परवडेना. १९७४ साली सरकारने अनुदान थांबवायचं ठरवलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी जहाज ताब्यात घेतलं आणि ल हाव्रच्या तोंडाशी नांगर टाकून बंदराची वाट अडवली. तरी जहाज बंद पडलंच. पुढची काही वर्षं ते धक्क्याला नुसतं उभं होतं.

१९७९ साली एका नॉर्वेजियन कंपनीने ते विकत घेतलं, नाव ठेवलं 'नॉर्वे'. इथे माझ्यातली इंजिनिअर खूश होते. पूर्वी वेग विकायचा होता, आता निवांतपणा. मग एवढी ताकद कशाला? पुढची इंजिनरूम काढून टाकली, चार पंख्यांचे दोन केले. मायामीहून निघायचं, सात दिवस कॅरिबियनमध्ये फिरायचं आणि परत मायामी. जहाज इतकं मोठं, की सेंट थॉमससारख्या बेटांवर ते धक्क्याला लागत नसे. म्हणून पुढच्या डेकवर दोन मोठ्या होड्याच ठेवल्या होत्या, प्रवाशांना किनाऱ्यावर न्यायला आणायला. वर्गांची विभागणी गेली. काचेने बंद केलेल्या दोन लांब पडव्यांना 'फिफ्थ अव्हेन्यू' आणि 'शाँज एलिझे' अशी रस्त्यांची नावं दिली. आजची तरंगती शहरं म्हणतात ना, त्यांची सुरुवात करणाऱ्या जहाजांत याची गणना होते.

या जहाजावरच्या, आणि त्या काळातल्या एकूणच क्रूझवरच्या प्रवाशांच्या आठवणी वाचायला फार गोड असतात. रोज रात्री दाराखालून सरकवलेला उद्याच्या कार्यक्रमांचा छापील कागद. जेवणाच्या दोन पंगती, आणि आठवडाभर तेच टेबल, तेच शेजारी, तोच वेटर. पहिल्या दिवशी अनोळखी असलेली माणसं शेवटच्या दिवशी पत्ते लिहून देऊन रडायची. मध्यरात्रीचा बुफे आणि त्यात बर्फाचा कोरलेला हंस. जहाजावरच्या फोटोग्राफरने काढलेले फोटो फलकावर लावलेले असायचे, त्यात स्वतःला शोधायला गर्दी. आणि शेवटच्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या, की सकाळी त्या आपोआप धक्क्यावर पोचलेल्या.

या "आपोआप"पाशी मी थांबले.

आपल्या भागात "तो बोटीवर आहे" एवढं म्हटलं, की पुढचं सगळ्यांना कळतं. गोव्यातल्या कित्येक पिढ्या तारवटी म्हणून पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर गेल्या. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावांच्या 'कुडी' असत. जहाज मिळेपर्यंत ट्रंक भिंतीला लावून तिथे राहायचं. आपल्या वर्गातलेही दोघं बोटीवर गेले. त्यांतला एक आज इथेच बसलाय. नाव घेत नाही, तो लाजेल. तो 'नॉर्वे'वर नव्हता, त्याच काळातल्या दुसऱ्या एका क्रूझवर केबिन स्टुअर्ड होता. या भाषणासाठी मी त्याला दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "बंदरांचं विचारू नकोस. बंदर आलं की प्रवासी उतरायचे आणि आमची चादरी बदलायची घाई."

दुसऱ्यांदा तो घड्याळाबद्दल बोलला. पश्चिमेकडे जाताना जहाजाचं घड्याळ रात्री एक तास मागे करतात, पूर्वेकडे जाताना एक तास पुढे. प्रवाशांच्या आठवणींत ही एक गंमत असते, "आमचा एक दिवस पंचवीस तासांचा होता!" त्याच्या आठवणीत ती एका तासाची झोप आहे. येताना मिळायची, जाताना कापली जायची. आणि कामाला सुट्टी कधीच नाही, करार संपेपर्यंत रोज.

त्याची केबिन पाण्याच्या पातळीखाली होती. चार जण, खिडकी नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, ते पाळीवरून कळायचं. जहाजाच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत कर्मचाऱ्यांचा एक लांब बोळ असतो. अमेरिकेहून सुटणाऱ्या बऱ्याच जहाजांवर त्याला तिथल्या महामार्गावरून 'आय-९५' म्हणतात. बॅगा, भाज्या, मैल्या चादरी, सगळं त्याच बोळातून. प्रवाशांच्या बॅगा "आपोआप" धक्क्यावर जायच्या त्याही तिथूनच. मायामीला पोचलं, की फोनच्या रांगेत उभं राहायचं, कार्ड खरवडायचं आणि गावातल्या दुकानात फोन लावायचा. आई दुकानापर्यंत चालत येईतो निम्मी मिनिटं संपायची.

मला वाटलं, आता तो म्हणेल, नको ते दिवस. पण तो म्हणाला, "काय मजा होती गं!" कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये एक गोवेकर कुक रविवारी माशांचं कालवण करायचा. त्या वासाला फिलिपिनो पोरंसुद्धा यायची. मागच्या छोट्या डेकवर पट्टीचिकटवलेल्या टेनिस बॉलने क्रिकेट चालायचं, बॉल समुद्रात गेला की आउट आणि वर दंड. घराला स्लॅब पडली ती त्याच पैशांतून. म्हणजे आठवणी त्यालाही गोडच आहेत. फक्त प्रवाशांच्या आठवणींशी त्यांचा एकही फोटो जुळत नाही. जहाज एकच, दिवस तेच, आणि दोन वेगळे अल्बम.

'नॉर्वे'चा शेवट सांगते. २५ मे २००३ला सकाळी जहाज मायामीच्या धक्क्याला लागलं होतं. बॉयलरचा स्फोट झाला आणि ८ माणसं गेली. सगळे कर्मचारी होते. पुढे चौकशीत निघालं, की बॉयलरची हाताळणी, देखभाल आणि तपासणी नीट झालेली नव्हती आणि धातूला पडलेल्या भेगा वाढत गेल्या होत्या. त्यानंतर ते जहाज प्रवासी घेऊन कधीच निघालं नाही. 'ब्लू लेडी' या नावाने ते आपल्याच देशात आलं, गुजरातमधल्या अलंगला. खंभातच्या आखातात भरतीचं पाणी एवढं चढतं, की मोठी जहाजं भरतीबरोबर थेट किनाऱ्यावर चढवता येतात. २००६च्या ऑगस्टमध्ये ते असं चढवलं. आतल्या अॅस्बेस्टॉसवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, सप्टेंबर २००७मध्ये तोडायला परवानगी मिळाली. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या मजुरांच्या हातांनी ते तुकड्या-तुकड्याने संपलं. जहाजाच्या नाकाचा तुकडा मात्र जपून पॅरिसला नेला आणि २००९ साली लिलावात विकला.

जहाजावर प्रेम करणारे लोक अजून त्याच्या वस्तू जमवतात. मेनूकार्डं, राखदाण्या, केबिनच्या किल्ल्या. मला त्यात काही वाईट दिसत नाही, मीसुद्धा बाईंनी दिलेली रिमार्काची वही जपून ठेवली आहे. पण त्या आठ जणांपैकी एकाचं तरी नाव या आठवणींत येतं का, ते मी शोधत होते. अगदी क्वचित येतं. प्रवाशाला आपल्या टेबलावरचा वेटर आठवतो, कारण तो दिसत होता. बॉयलरजवळचा माणूस दिसतच नव्हता.

आता आपल्या शाळेकडे येते. सकाळपासून आपण किती आठवणी काढल्या! गॅदरिंग, छड्या, दहावीचा निरोप समारंभ. सगळ्या खऱ्या आणि सगळ्या प्रवाशांच्या. घंटा आपोआप वाजत होती का? प्रयोगशाळेतली परीक्षानळी दुसऱ्या दिवशी धुतलेली कशी असायची? पावसाळ्यात टाकीतलं पाणी गढूळ झालं, की पहाटे कोणीतरी ती उपसायचं. आपल्याला फक्त पहिल्या तासाची सुट्टी हुकल्याचं दुःख आठवतं.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि संपादक मंडळाने ती मान्यही केली आहे. या स्मरणिकेत चार पानं शाळेच्या शिपायांसाठी, प्रयोगशाळेच्या मदतनिसांसाठी आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींसाठी राखून ठेवली आहेत. त्यांच्याबद्दल आपण लिहायचं नाही. त्यांनी सांगायचं, आपण उतरवून घ्यायचं. आपण त्यांना कसे दिसत होतो, तेही कळेल, तेव्हा जरा तयारीने जा! आपल्या घंटेवाल्या काकांचं वय झालंय, पण बोलतात उत्तम. येत्या रविवारी सकाळी दहाला मी त्यांच्याकडे जाणार आहे. मोबाइलवर रेकॉर्ड करता येईल, पण लिहायला दोघं-तिघं हवेत. ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाआधी मला नाव द्या. आपला बोटीवरचा मित्र येतोच आहे, गाडी त्याची आहे.