परक्याचे मूल, काही काळापुरते

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तुरुंगात आईजवळ राहणारे मूल सहा वर्षांचे झाले की त्याला आईपासून वेगळे करून बाहेर पाठवावे लागते. आर. डी. उपाध्याय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ही मर्यादा घालून दिली, आणि ती योग्यच आहे. तुरुंगाच्या भिंती हे काही मुलाचे अंगण नव्हे. परंतु बाहेर म्हणजे नेमके कोठे? मूल घेणारी आजी असेल, मावशी असेल, तर प्रश्न मिटला. नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली आत असलेल्या बाईच्या मुलाला मात्र सासर घेत नाही आणि माहेर घ्यायला कचरते. हे मूल अनाथ नाही. त्याची आई जिवंत आहे, त्याच्यावर तिची माया आहे, आणि आज ना उद्या ती सुटणार आहे. म्हणून ते दत्तक देता येत नाही. मग उरते बालगृह. पाच वर्षे, सात वर्षे, कधी वयाची अठरा वर्षे पुरी होईपर्यंत.

दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या बापाचे मूल, व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या घरातले मूल, मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईचे मूल, या सगळ्यांची गत तीच. त्यांना हवे असते एक घर, आणि तेही काही काळापुरते. या गोष्टीला कायद्याने ‘फोस्टर केअर’ म्हटले आहे; मराठीत प्रतिपालकत्व हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. मूल आपले म्हणायचे नाही, तरीही आपल्यासारखे वाढवायचे, आणि वेळ आली की परत द्यायचे.

मराठी समाजाला परक्याच्या मुलाला घरात घेण्याचे वावडे होते असे मुळीच नाही. पण घेण्याच्या ज्या रीती त्याला ठाऊक होत्या, त्यांपैकी एकीत मूल कायमचे आपले होई आणि दुसरीत ते कधीच आपले होत नसे. दत्तक म्हटले की मराठी मनाला अजूनही गादी आठवते. साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून. घरोघरचे दत्तकही वतनासाठी, वाड्यासाठी, पिंडासाठी होत. तेथे गरज मुलाची नसे, घराण्याची असे. दुसरी रीत वार लावण्याची. गरीब विद्यार्थ्याने सोमवारी या घरी जेवावे, मंगळवारी त्या घरी. या वारांवर कित्येक विद्वान शिकून गेले, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली जाते आणि सांगावीही. पण वार प्रायः ज्या जातीचे घर त्या जातीच्या मुलालाच मिळत असे, आणि जेवून हात धुतला की मुलाने उठायचे असे. ताटावर त्याचा हक्क होता, घरावर नव्हता.

या दोन्ही चौकटी मोडणारी माणसेही याच मातीत झाली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे; निवड तिची. मूल नेण्याचा आईचा अधिकार त्या काळात, आणि तोही समाजाने टाकलेल्या आईचा, मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढे साताऱ्यास १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह चालू केले तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली, आणि त्या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्याच दशकात अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांची आई झाले होते. यांपैकी कोणीही मुलांच्या आईबापांची जागा हिरावली नाही. सुट्टी लागली की मुले गावी जात आणि सुट्टी संपली की परत येत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समिती काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल योग्य ठरवलेल्या कुटुंबाकडे ठराविक काळासाठी सोपवू शकते. भावंडे असतील तर ती शक्यतो एकत्र ठेवावीत. मुलाच्या जन्मदात्या आईबापांना, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, त्याला भेटता यावे. कुटुंबाची दरमहा पाहणी व्हावी, आणि काळजी अपुरी पडते असे दिसले तर मूल दुसऱ्या कुटुंबात हलवावे. जे मूल दत्तक देण्याजोगे आहे, त्याला दीर्घ मुदतीच्या प्रतिपालकत्वात गुंतवून ठेवू नये. २०२४ साली केंद्राने सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याआधी केवळ विवाहित जोडप्यांना हे करता येई. आता पस्तीस ते साठ वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीलाही, ती अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित, करता येते. एकट्या स्त्रीकडे मुलगा वा मुलगी कोणीही सोपवता येईल, एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा. चळवळीत आयुष्य घालवलेल्या, लग्न न केलेल्या कितीतरी स्त्रिया महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यासाठी हे दार आजवर बंद होते, ते उघडले आहे.

काही जण म्हणतील, हे सारे काम शासनाचे. मुलांची जबाबदारी समाजाची, मग समाजाच्या वतीने शासनाने उत्तम बालगृहे चालवावीत. घरोघरच्या दयेवर मुले कशाला सोडायची? आक्षेप समाजवाद्याच्या तोंडी शोभणारा आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ते उत्तर रुमानियात सापडते. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या चाउसेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, लोकसंख्या वाढवण्याचा सपाटा लावला, आणि ज्या घरांना मुले पोसवत नव्हती त्यांना सांगितले की आणून द्या, राज्य त्यांना तुमच्यापेक्षा चांगले वाढवील. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले संस्थांच्या खाटांवर होती. पुढे २००० साली बुखारेस्टमध्ये अशा १३६ लहान मुलांचा एक अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना प्रशिक्षित, मानधन घेणाऱ्या कुटुंबांत ठेवले, निम्मी होती त्याच व्यवस्थेत राहिली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणे, माणसांशी जडणारे नाते, सारेच सुधारले. वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत जी गेली त्यांचे अधिक सुधारले. ज्या मुलांना वेळेवर दूध मिळत होते पण कोणी एक माणूस आपले म्हणायला नव्हते, त्यांच्या मेंदूची वाढसुद्धा मागे पडली होती. दर आठ तासांनी पाळी बदलणारी आया कितीही प्रेमळ असली तरी ती आठ तासांचीच.

आपल्याकडच्या सगळ्या बालगृहांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण संस्था हा शेवटचा उपाय, हे तत्त्व बाल न्याय अधिनियमातच नमूद आहे, आणि व्यवहारात तो बहुधा पहिला उपाय ठरतो. याचे एक कारण असे, की संस्था दिसते. तिला इमारत असते, फलक असतो, वाढदिवसाला जाऊन खाऊ वाटता येतो.

येथे एका गोष्टीत घोटाळा होता कामा नये. गरिबी हे मुलाला आईपासून तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. ऊसतोडीला जाणारे आईबाप दिवाळीनंतर मुलाला गावी ठेवतात ते मायेची कमतरता आहे म्हणून नव्हे. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे लागतात आणि आईबापांना बारमाही काम लागते, कोणा सुस्थित घराची ओसरी नव्हे. विधवा आईला आधी मदत दिली पाहिजे. महाराष्ट्राची बाल संगोपन योजना मुख्यतः हेच करते. तिच्यातली बरीचशी मुले स्वतःच्या एकट्या आईजवळ किंवा आजीजवळ राहतात आणि त्यांच्या नावे दरमहा अनुदान मिळते. ते ११०० रुपयांवरून २०२३ साली २२५० रुपये झाले आणि योजनेला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये हाच आकडा ४००० रुपयांचा आहे. २२५० रुपयांत वाढत्या मुलाचे काय होते, हे बाजारहाट करणाऱ्या कोणालाही विचारावे. ही रक्कम वाढवून घेणे आणि दर महिन्याला वेळेवर मिळवून देणे हे पक्षाचे काम आहे. तालुक्यातल्या एखाद्या विधवेचा अर्ज भरून देणे, तिच्याबरोबर कचेरीत खेटे घालणे, हे मूल घरी आणण्याइतकेच मोलाचे आहे आणि त्याच्या आधीचे आहे. हे सारे करूनही ज्यांना घर उरत नाही, त्या मुलांसाठी प्रतिपालकत्व.

दुसरी भीती अधिक खरी आहे. ‘मुलगी शिकायला ठेवली आहे’ असे सांगत शहरातल्या घरांतून दहा-बारा वर्षांच्या पोरींकडून धुणीभांडी करून घेतली जातात, हे कोणाला माहीत नाही? प्रतिपालकत्वाच्या नावाखाली हाच प्रकार सरकारी शिक्क्यानिशी होणार नाही कशावरून? होऊ शकतो. इंग्लंडमध्ये जानेवारी १९४५ मध्ये डेनिस ओनील नावाचा बारा वर्षांचा मुलगा, ज्या शेतकऱ्याच्या घरी त्याला ठेवले होते तेथे, उपासमार आणि मारहाण यांनी मेला. मुलाला पाठवणाऱ्या नगरपालिकेला वाटत होते की तेथील स्थानिक अधिकारी लक्ष ठेवतील, आणि स्थानिकांना वाटत होते की पाठवणारे ठेवतील. त्या मृत्यूने देश हादरला, चौकशी झाली, कर्टिस समितीचा अहवाल आला आणि मजूर पक्षाच्या सरकारने १९४८ साली मुलांचा नवा कायदा केला. तेथे प्रतिपालकत्व बंद झाले नाही. पाहणी कोणी करायची हे ठरले. आपल्याकडे कागदावर ते ठरलेलेच आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या मोजक्या माणसांवर अख्खा जिल्हा टाकला की कागदावरची दरमहाची भेट कागदावरच राहते. तेथील रिक्त पदे भरा, ही मागणी मोर्चाच्या फलकावर कधी दिसली आहे काय?

आणि जात? मुलाची भाषा, संस्कृती, समाज यांचा मेळ शक्यतो राखावा अशी अपेक्षा आहे, आणि तिच्यात शहाणपण आहे. पारध्याच्या मुलाला एका रात्रीत आपली बोली विसरायला लावणे हाही एक प्रकारचा अत्याचारच. परंतु याच अपेक्षेच्या आडून ‘आमच्यातलेच मूल द्या’ ही मागणी आत शिरते. कसोटी स्वयंपाकघरात लागते. घर शाकाहारी असेल आणि मुलाला सुकट आवडत असेल, तर मुलाने सुकट सोडायची की घराने भांडे काढायचे? आंतरजातीय विवाहाच्या सभेत टाळी घेणारा कार्यकर्ता या प्रश्नाशी अडखळतो. तसेच, काम शेवटी कोणाच्या अंगावर पडणार? चळवळीतल्या घरांचा इतिहास असा, की पुरुषाने पाहुणे आणायचे आणि बाईने पिठले टाकायचे. मूल हा पाहुणा नव्हे. सकाळचा डबा, शाळेतली पालकसभा, रात्री अंथरूण ओले झाले तर चादर बदलणे, यांतले नवरा काय करणार हे गृहचौकशीच्या आधीच ठरलेले बरे. जे घर बायकोच्या होकाराशिवाय हो म्हणते त्याने हो म्हणू नये.

मूल येते तेव्हा ते सोज्ज्वळ, कृतज्ञ डोळ्यांचे असेल ही कल्पना सिनेमातली. ते भाकरी उशाखाली लपवील. खोटे बोलेल. ‘तू माझी आई नाहीस’ असे तोंडावर सांगेल, आणि ते खरेही असेल. त्याला आईविषयी बोलू द्यावे. ती तुरुंगात असेल तर ती परगावी कामाला गेली आहे अशी थाप मारू नये. त्याला ठाऊक असते. तिचा फोटो असेल तर तो कपाटात न ठेवता भिंतीवर लावावा. भेटीच्या दिवशी त्याला स्वच्छ कपडे घालून वेळेवर न्यावे, आणि परतल्यावर दोन दिवस ते रुसून बसले तर तो आपला पराभव मानू नये.

नव्या तत्त्वांप्रमाणे मूल दत्तकासाठी मोकळे ठरले तर, दोन वर्षे सांभाळल्यानंतर, ते कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकते. पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. सवलत चांगली आहे. पण तीवर डोळा ठेवून जे अर्ज करतील ते मनातून आईच्या न सुटण्याची वाट पाहू लागतील. मूल हवे असणाऱ्यांनी सरळ दत्तकाच्या रांगेत उभे राहावे.

अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करायचा असतो. ओळखीचा पुरावा, उत्पन्न, वैद्यकीय दाखले, पोलिसांकडील पडताळणी, शेजाऱ्यांकडे विचारपूस, घराची पाहणी, मग समितीचा आदेश. घरात आधीची मुले असतील तर त्यांनाही विचारले जाते, आणि ती ‘नको’ म्हणाली तर त्यांचे ऐकावे. आदेशात मुदत लिहिलेली असते. ती संपताना आई दाराशी येईल, तेव्हा मुलाच्या पिशवीत त्याची वह्या-पुस्तके, शाळेचा दाखला, लसीचे कार्ड आणि बरोबर नेता येतील तेवढी खेळणी बांधून ठेवलेली असावीत. आईला जेवायला बसवावे. मुलाला रात्री दिवा लागतो, डाव्या कानाला सर्दीत दुखते, वरणात गूळ घातला तर ते जेवते, हे तिला सांगावे. इतक्या वर्षांत तिला ते कोणी सांगितलेले नसते.