एकाच फ्लॅटचे आठ नकाशे



संयोजकांनी मला बजावलंय, "तू नेमकं काय काम करतेस ते सगळ्यांना कळेल असं सांग." माझ्या घरच्यांना अजून कळलेलं नाही, तरी प्रयत्न करते.

हल्ली इमारत बांधण्याआधी ती कॉम्प्युटरवर उभी करतात. ते नुसतं चित्र नसतं. भिंतीला जाडी असते, दार भिंतीत बसलेलं असतं, भिंत सरकवली की दारही सरकतं आणि खोलीचं क्षेत्रफळ आपोआप बदलतं. रेव्हिट हे त्यातलं एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर. त्याला जोडून चालणारे छोटे प्रोग्रॅम मी लिहिते.

आपली रेल्वे क्वार्टर्स आठवा. एका टाइपची सगळी घरं सारखी, पण कुणी व्हरांडा ताट्या लावून बंद केलेला, कुणी तिथेच स्वयंपाक मांडलेला. सारखी घरं कॉम्प्युटरला फार सोपी जातात. एक फ्लॅट काढा, वीस मजल्यांवर ठेवून द्या. पंचाईत होते ती व्हरांड्यापाशी, म्हणजे "आम्हाला असं नको, तसं हवं" म्हणणाऱ्या माणसांपाशी.

समजा स्वयंपाकघर उघडं की बंद, बाल्कनी ठेवायची की हॉलमध्ये घ्यायची, तिसरी खोली आई-वडिलांची की अभ्यासाची. दोन गुणिले दोन गुणिले दोन, झाले आठ नकाशे. आठ फाइली केल्या तर एक खांब हलला की आठ ठिकाणी हलवायचा. म्हणून रेव्हिटमध्ये 'डिझाइन ऑप्शन्स' आहेत. खांब, जिना, पाण्याचे डक्ट मुख्य मॉडेलमध्ये, आणि जे बदलणार तेवढंच पर्यायांत. मग आठ फ्लॅटऐवजी सहा तुकडे सांभाळावे लागतात. अर्थात स्वयंपाकघर आणि बाल्कनीची भिंत सामाईक असेल तर हे गणित कोसळतं, ते दोन्ही एकाच संचात घ्यावे लागतात. शिवाय दार पर्यायात हवं असेल तर त्याची भिंतही त्याच पर्यायात न्यावी लागते. नवी मुलं इथे हमखास अडतात.

आता पैशांचं बोलू. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. सॉफ्टवेअर मात्र साधारणपणे खोली भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंतच मोजतं. नुसत्या खोल्यांची बेरीज केली तर आकडा कमी येतो. आतली भिंत सरकवून कार्पेट एरिया बदलत नाही, बाल्कनी हॉलमध्ये घेतली की बदलतो. त्यामुळे प्रत्येक पर्यायाचा हिशोब वेगळा काढावा लागतो. माझा एक प्रोग्रॅम तेवढंच करतो.

एका कामात, नावं सांगत नाही, एका निवृत्त जोडप्याला बंद स्वयंपाकघराचा पर्याय दाखवला होता. काकूंचं म्हणणं साधं होतं: फोडणीचा ठसका हॉलमधल्या पाहुण्यांना का? पुढे ऑफिसात कुणीतरी उघडा पर्याय कायम केला. पर्याय कायम केला की त्या संचातले बाकीचे मॉडेलमधून पुसले जातात. जुनी प्रत कुणी ठेवलेली नव्हती. खरेदीदाराच्या संमतीशिवाय त्याच्या फ्लॅटमध्ये बदल करता येत नाही, हे कलम १४ सांगतं. पण दाखवलं काय होतं, हे सिद्ध कशानं करायचं? आयुष्यभराची पुंजी त्या फ्लॅटमध्ये घातलेली. शेवटी काकूंच्या मोबाइलमध्ये, नातवाच्या फोटोंच्या गर्दीत, तो नकाशा सापडला आणि भिंत परत आली.

तेव्हापासून माझा प्रोग्रॅम पर्याय कायम होण्याआधी प्रत्येक पर्यायाचा नकाशा, कार्पेट एरिया आणि तारीख असलेली प्रत आपसूक बाजूला काढतो. मोबाइलच्या भरवशावर राहायला नको.

तुमच्यापैकी कुणी फ्लॅट घेत असेल तर निवडलेल्या पर्यायाचा नकाशा तारखेसह करारनाम्याला जोडून घ्या, पानावर सही करून. बाकी प्रश्न पंगतीत विचारा. भरीत आणि कळण्याची भाकरी आहे असं कळलंय, तेव्हा मी तिथेच सापडेन.