बातमीची पारख शाळेतच शिकवावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही जुनी मॅट्रिक झालेले एक सामान्य शिक्षक. उभी हयात मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात गेली. त्यामुळे विद्वत्तापूर्ण विवेचनाची अपेक्षा आमच्याकडून कोणी ठेवू नये. आज आम्हांस प्रथम आमच्या हातून घडलेला एक प्रमाद आपणांपुढे कबूल करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी मुले पळविणारी टोळी आपल्या भागात आल्याचा मजकूर, एका चित्रफितीसह, आमच्या मोबाईलवर आला. धाडणारे गृहस्थ आमचे जवळचे आप्त. आम्ही तो तत्काळ आपल्या ज्ञातीच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविला. दुसऱ्या दिवशी आमच्या आळीतील तरुणांनी एका चादरी विकणाऱ्या फिरस्त्यास दोन तास अडवून ठेविले. कोणी त्याच्या मुस्कटातही मारली. पोलीस आले तेव्हा तो बिचारा निरपराध ठरला. सायंकाळी सातवीतील आमच्या नातीने विचारले, "आजोबा, त्या चित्रफितीतले गाव कोणते?" आम्हांस उत्तर देता आले नाही. तो प्रश्न आम्ही आधी स्वतःस विचारला नव्हता!

त्या फिरस्त्याचे दैव बलवत्तर म्हणावयाचे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी, आठवड्याच्या बाजारी, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना अशाच अफवेपायी जमावाने ठार मारिले. तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत! त्याच वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारे लोक शेवटी ते परत आणून सोडतात आणि मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापला आणि प्रबोधनाचे विष झाले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. असा मजकूर परक्याकडून आला असता तर आपण कदाचित शंका घेतली असती. तो मामाकडून, व्याह्याकडून, ज्ञातीच्या गटावरून येतो, म्हणून आपण डोळे मिटून मान्य करितो. आपला परस्परविश्वास हे ज्ञातीचे भूषण खरे. परंतु त्याच विश्वासाच्या वाटेने असत्य घरात शिरते. वडीलधाऱ्यांनी धाडलेल्या मजकुरावर घरातील मुलाने शंका घ्यावी, तर तो उद्धटपणा ठरतो. शाळेत मात्र शंका विचारणे हाच विद्यार्थ्याचा धर्म होय. म्हणून ही विद्या शाळेतच, आणि प्रत्येक सरकारी शाळेत सक्तीने, शिकविली पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

आपल्या शाळांत काहीच नाही असे नव्हे. दहावीच्या मराठीत बातमीलेखन व जाहिरातलेखन आहे. 2018 साली आलेल्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांवर पाठ आहे. हिटलरच्या बनावट रोजनिशा विकत घेऊन 'स्टर्न' हे जर्मन साप्ताहिक कसे फसले, हेही त्यात येते. परंतु मुले त्याची 'कारणे द्या' पाठ करितात, गुण मिळवितात आणि विसरतात. बातमी लिहिता येते, पारखता येत नाही!

केरळातील कण्णूर जिल्ह्याने वेगळा मार्ग धरिला. लसीकरणाविषयीच्या अफवांचा अनुभव घेतल्यावर तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी 2018 साली सुमारे 150 सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' या नावाने खोट्या बातम्या ओळखण्याचे धडे सुरू केले. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तर 2023 च्या जानेवारीत असे शिक्षण बालवर्गापासून बारावीपर्यंत कायद्यानेच आवश्यक केले.

शिक्षकांवर आधीच भार फार आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे; तो भार आम्हीही वाहिला आहे. परंतु यास नवे पुस्तक नको. भाषेच्या तासाला आठवड्यातून एकदा एक खरा व एक खोटा मजकूर फळ्यावर लिहावा आणि मुलांनी विचारावे : हे प्रथम कोणी सांगितले? केव्हाचे व कोठले आहे? दुसऱ्या कोणी त्याची खातरजमा केली आहे काय? अमुक वृत्तपत्र चांगले, तमुक वाईट, असे मात्र शिक्षकाने शिकवू नये. पारखण्याची रीत द्यावी, निकाल मुलांनी द्यावा.

मंडळाने या मागणीचा ठराव करून शिक्षण खात्याकडे धाडावा, अशी आमची विनंती आहे. तोवर दर रविवारी मंडळाच्या सभागृहात असा वर्ग विनामूल्य चालविण्यास आम्ही सिद्ध आहोत. पाल्यांबरोबर पालकांनीही यावे. कारण त्या दिवशी चूक नातीची नव्हती, आजोबांची होती.